मागच्या रांगेतून : हसू कुणावर फुटलं?

या खेपेची पत्रं पाहता घरोघरी सिनेमा-नाटकावरून चांगलीच खडाजंगी चाललेली दिसते. होऊ द्या. नव्या वाचकांसाठी सांगते, मी पदवीधर समीक्षक वगैरे नाही. माझी उमेद व्यावसायिक नाटकांच्या ध्वनियंत्रणेवर गेली. आमचं टेबल प्रेक्षागृहाच्या पार मागे असतं. तिथून नटापेक्षा प्रेक्षकांची डोकी जास्त दिसतात आणि हशा नेमका कुठल्या रांगेतून उठला तेही कळतं. संपादकांच्या मते एवढं भांडवल या सदराला पुरेसं आहे. पत्रं थोडी कापली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी एका नव्या मराठी सिनेमाबद्दल ‘कंटाळवाणा वाटला’ एवढंच लिहिलं. लगेच मेव्हण्यांनी खेकड्यांची गोष्ट ऐकवली. आपल्याच माणसांनी पाय ओढले तर मराठी सिनेमा जगणार कसा, म्हणाले. मी गप्प बसायला हवं होतं का?
— एक बँक कर्मचारी, मिरज

उत्तर : अजिबात नाही. मेव्हण्यांना एकदा शांतपणे विचारा, मराठी सिनेमा थेटरातून उतरतो कशामुळे? बहुतेक वेळा त्याला मंगळवारी सकाळी अकराचा खेळ मिळालेला असतो, त्यामुळे. नोकरदार माणूस त्या वेळी कुठे असतो हे वितरकालाही ठाऊक असतं. एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना संध्याकाळच्या मोक्याच्या वेळी मराठी सिनेमा दाखवण्याची सक्ती जाहीर केली होती. त्यावर किती गदारोळ झाला ते आठवत असेल. शोभा डे यांनी टीका केली म्हणून त्यांच्या घरावर वडापाव आणि दहीमिसळ घेऊन मोर्चा गेला. मग ती मोक्याची वेळ ताणून दुपारी बारा ते रात्री नऊ अशी झाली. दुपारी बाराला मोक्याची वेळ म्हणायला सरकारी दफ्तरच लागतं. सांगायचा मुद्दा असा, की सिनेमाचं बरंवाईट ठरवणाऱ्या या सगळ्या भानगडीत तुमच्या एका ओळीचा वाटा शून्य.

उलटंही पाहा. ‘बाईपण भारी देवा’ २०२३ मध्ये आला तेव्हा बायका नऊवारी नेसून, गॉगल लावून, गटागटाने थेटरात गेल्या. कुठल्याही परीक्षणाची वाट त्यांनी पाहिली नव्हती. २०१६ मध्ये ‘सैराट’साठी साताऱ्याजवळच्या रहिमतपूरला मध्यरात्री बाराचे आणि पहाटे तीनचे खेळ लागले होते. लोकांना यायचं असतं तेव्हा ते येतात.

आता तुमच्या ‘कंटाळवाणा’कडे वळते. तक्रार आहे ती इथे. ‘सैराट’ लागला त्या दिवसांत खेळ सुटल्यावर चहाच्या रांगेत आणि पार्किंगमध्ये मी एकच वाक्य ऐकत होते : ‘पहिला भाग भारी, नंतर रेंगाळला.’ ऐकणाऱ्याने लगेच विचारावं, का रेंगाळला? माझ्या धंद्यातल्या माणसाला कारण पटकन सापडतं. चारही गाणी पूर्वार्धातच संपतात. त्यांच्यासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन मोठा वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला होता. आर्ची-परशा जिथे जिथे धावतात तिथे ती व्हायोलिनं त्यांना अलगद उचलून घेतात. मग दोघं हैदराबादच्या झोपडपट्टीत पोचतात आणि गाणी नाहीशी होतात. उरतो नळ, भांडी, डोशाचा तवा आणि परकी भाषा. शेवटच्या दृश्यात तर आवाजच काढून घेतलाय. रक्तात भिजलेली पावलं उमटवत आर्ची-परशाचं मूल बाहेर येतं आणि थेटरभर काहीही वाजत नाही. तासभर आधी शिट्ट्या मारणारे लोक त्या शांततेत अंग चोरून बसलेले मी पाहिलेत. ज्यांना ‘रेंगाळला’ वाटलं त्यांना खरं तर सगळं बरोबर ऐकू आलं होतं. संगीताने उचलून घेणं बंद झालं, हे त्यांना अंगावर जाणवलं. फक्त ते तिथेच थांबले.

तुमचा कंटाळवाणा सिनेमाही असाच तपासा. कुठल्या प्रसंगाला मोबाइल काढावासा वाटला? त्याच्या आधी पडद्यावर काय चाललं होतं? हे लिहिलंत तर मेव्हण्यांना खेकडे बाजूला ठेवून सिनेमाबद्दल बोलावं लागेल. आणि कृपा करून ‘मराठीच्या मानाने चांगला’ हे वाक्य त्या ग्रुपवर कुणालाही लिहू देऊ नका. पाय ओढणं परवडलं, ही पाठ थोपटणी नको.

प्रश्न : सप्टेंबर २०२५ मध्ये आम्ही सगळं घर मिळून ‘दशावतार’ पाहिला. सगळे खूश. नंतर पुण्याला गेलो असताना मी एकटाच ‘साबर बोंडं’ पाहून आलो. मला तो जास्त भिडला, पण का ते घरी सांगता येईना. धाकटा भाऊ म्हणतो, असले सिनेमे गोऱ्यांच्या महोत्सवांसाठी काढतात, आपल्यासाठी नाहीत.
— एक शिक्षक, सावंतवाडी

उत्तर : भावाच्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण तो अगदीच टाकाऊ नाही. ‘साबर बोंडं’ला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागातला परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि आपल्याकडे थेटरात तो आला सप्टेंबरात. आधी तिकडे आणि मग इकडे, एवढं त्याचं खरं आहे. पण सिनेमात आहे काय ते पाहा. वडील गेल्यावर मुंबईतला आनंद आईबरोबर गावी येतो आणि दहा दिवसांचं सुतक पाळतो. त्या दहा दिवसांत नातेवाईक त्याच्या लग्नाचा विषय काढत राहतात. आनंद समलिंगी आहे हे आईला माहीत आहे. बालमित्र बाळ्या शेजारीच आहे. आता सांगा, सुतकाच्या घरात कोण कुठे बसतं, कोण कुणाला टोकतं, कुठल्या काकाला ऐनवेळी स्थळ आठवतं, हे कुणाला जास्त कळणार? सनडान्सच्या प्रेक्षकाला ते खाली वाचून घ्यावं लागलं असेल. तुम्ही पायरीवरच्या चपलांवरून ओळखलंत. हा सिनेमा तुमच्यासाठीच काढलाय. तिकडच्यांना तो आवडला, हा जास्तीचा भाग.

आता तुम्हाला काय भिडलं त्याचा एक अंदाज. रोहन कानवडे यांनी या सिनेमाला पार्श्वसंगीत दिलेलं नाही. मी आयुष्यभर नेमका उलटा धंदा केलाय. आई-मुलाचा प्रवेश आला की हलकेच बासरी सोडायची, मोजून दहाव्या सेकंदाला तिसऱ्या रांगेत रुमाल निघतात. हुकमी काम. त्यामुळे हा सिनेमा बघताना सुरुवातीला मला हात नसल्यासारखं झालं. आनंद आणि बाळ्या एकमेकांजवळ नुसते बसलेले आहेत आणि यातून काय समजायचं ते कुणीही वाजवून सांगत नाही. प्रेम, संकोच, दुःख, नुसता थकवा, जे काही असेल ते त्यांच्या बसण्यातून आपलं आपण ओळखायचं. घरी जाऊन ‘का आवडलं’ हे सांगता न येणं यातूनच येतं. तुमच्या हातात कुणी तयार उत्तर दिलेलं नव्हतं.

‘दशावतार’ आवडला म्हणून घरच्यांना कमी लेखू नका, कारण तिथेही बघण्यासारखं पुष्कळ आहे. दिलीप प्रभावळकर या वयात दृष्टी अधू होत चाललेला दशावतारी नट उभा करतात. तुमच्या भागात जत्रेतलं नाटक पाहिलेल्या माणसाला विचारा, ते अंग ओळखीचं वाटतं का. माझी कुरकुर वेगळी आहे. खऱ्या दशावतारात लिहिलेली संहिता नसते. राजा आणि ऋषी समोरासमोर उभे राहतात आणि पेटी-पखवाजाच्या साथीने जागेवर संवाद रचतात. रात्र अर्धी झाली तरी कुणी उठत नाही. ती गंमत सिनेमात मला आणखी थोडा वेळ, सलग, न कापता हवी होती. उत्तरार्धात गोष्ट सूडाच्या वाटेला लागल्यावर तर त्याला उसंतच उरत नाही. पण मायनिंगवाल्यांना वेशातला नट आडवा येतो, ही कल्पना कोकणातल्याच माणसाला सुचावी.

भावाला म्हणावं, पुढच्या जत्रेला आपण दोघं रात्रभर बसू. मग पुन्हा भांडू.

प्रश्न : तुम्ही परीक्षणात तारे का देत नाही?
— एक वाचक, बदलापूर

उत्तर : साडेतीन तारे म्हणजे काय ते मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही. तो अर्धा तारा कुणाचा कापला, कॅमेरामनचा?

प्रश्न : आमच्याकडे रात्री जेवताना टीव्हीवर विनोदी कार्यक्रम लागतात. त्यांत पुरुष साडी नेसून येतात आणि सगळे हसतात. माझा मुलगा कॉलेजात एकांकिका करतो. तो ताट घेऊन आत निघून जातो. म्हणतो, हा विनोद नाही, हे हिणवणं आहे. सासरे म्हणतात, मग बालगंधर्व काय करत होते? मधल्यामध्ये माझं जेवण होत नाही.
— एक गृहिणी, नांदेड

उत्तर : सासऱ्यांचा प्रश्न बिनतोड वाटतो, पण बालगंधर्वांना पाहून लोक हसत नव्हते. त्यांची साडी नेसायची पद्धत, दागिने, केसांत गजरा माळायची तऱ्हा चांगल्या घरच्या बायका उचलत होत्या. पुरुष बाई झालाय यावर तिथे कुणाचंच लक्ष नव्हतं. लक्ष रुक्मिणीवर, सिंधूवर होतं.

सासऱ्यांना मी दुसरं, जास्त जवळचं उदाहरण देईन. तमाशातली मावशी. तीही पुरुषच असते, तीही हसवते. गवळणी मथुरेच्या बाजाराला निघतात, कृष्ण आणि पेंद्या वाट अडवून दाण मागतात, तेव्हा पुढे होऊन तोंड देते ती मावशी. अख्ख्या गवळणीतली सगळ्यात झोंबरी वाक्यं तिच्या वाट्याला असतात. ती प्रत्यक्ष देवाला बोल लावते, प्रेक्षकांत बसलेल्या पाटलालाही सोडत नाही. हशा फुटतो तो पेंद्यावर किंवा पाटलावर.

आता जेवताना चालू असतं ते आठवा. नट साडीत आत येतो. अजून एक शब्द बोललेला नाही. हशा आला. तो थोडा मुरडतो, पुन्हा हशा. मागच्या टेबलावर बसणाऱ्याला हे लगेच कळतं. हशा वाक्याआधी आला, म्हणजे वाक्याचं काम कुणाला नव्हतंच. लोक पाहून हसले ते जाड बाईला, किंवा बायकी पुरुषाला. आणि त्या दोन्ही प्रकारची माणसं तुमच्या मुलाच्या वर्गात बसतात. तो ताट घेऊन उठतो ते उगीच नाही.

या मंडळींना अभिनय येत नाही म्हणून हे होतं, असं मात्र नाही. ‘चला हवा येऊ द्या’ २०१४ पासून किती वर्षं चाललं. त्यात सागर कारंडे साडीही नेसायचे आणि पोस्टमन होऊन पत्रंही वाचायचे. खाकी कपड्यांत, खांद्याला पिशवी, हातात एक कागद. हसायला आलेले लोक ते पत्र ऐकताना डोळे पुसत. नट तोच, मंच तोच. पत्राच्या वेळी कुणीतरी बसून वाक्यं लिहिली होती, एवढाच फरक.

मुलाला जमलं तर ‘कोर्ट’मधला एक प्रसंग पुन्हा बघायला सांगा. चैतन्य ताम्हाणे यांचा २०१५ साली इथे लागलेला सिनेमा, त्याआधी व्हेनिसला पुरस्कार आणि इथे सुवर्णकमळ मिळवलेला. त्यात एका लोकशाहिरावर खटला चालू आहे. आरोप असा, की त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने आत्महत्या केली. सरकारी वकीलबाई (गीतांजली कुलकर्णी) त्याला आत ठेवण्यासाठी यथासांग युक्तिवाद करतात. त्याच बाई लोकलमध्ये मैत्रिणीशी साडीबद्दल बोलतात, मुलाला शाळेतून घेतात, स्वयंपाक करतात, आणि सुट्टीच्या दिवशी सगळं कुटुंब मराठी नाटकाला जातं. नाटकात मुलीने उत्तरेकडचा मुलगा पसंत केलाय. बाप त्याला हाकलून देतो आणि भाषण ठोकतो. टाळ्या, हशा. वकीलबाईंचं कुटुंब खुशीत. कॅमेरा जागचा हलत नाही, कुणाला दोष देत नाही. मी पाहिला त्या खेळाला आमच्या थेटरातही त्या भाषणावर काही लोक मनापासून हसले, आणि मग हळूहळू एकेकाच्या लक्षात आलं, की पडद्यावरचे लोकही अस्सेच हसतायत. तेवढ्या टापूत खोकल्याचे आवाज वाढले. ध्वनीवाल्या माणसाला खोकला फार काही सांगून जातो.

तुमच्या जेवणाचं म्हणाल तर टीव्ही अर्धा तास उशिरा लावा.

प्रश्न : मुलगी लावणीवर रील करते. नातेवाईक म्हणतात, अश्लील. ती म्हणते, ही आपली लोककला आहे. मला दोघांचंही पटत नाही.
— एक एसटी कर्मचारी, बार्शी

उत्तर : तुम्हाला पटत नाही ते योग्यच आहे. नातेवाइकांचं आधी निकालात काढू. ही ‘अश्लील’ची ओरड तुमच्या मुलीच्या मोबाइलपेक्षा फार जुनी आहे. स्वातंत्र्याच्या आसपास बाळासाहेब खेर यांच्या सरकारने तमाशावर बंदी आणली होती, आणि ती उठली ती सुधारणेच्या अटी घालूनच. सुधारायचं कुणाला, तर नाचणाऱ्या बाईला. समोर बसून नोटा दाखवणाऱ्याला सुधारायची समिती काही निघाली नाही. पुढे त्याच परंपरेतल्या यमुनाबाई वाईकर यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. तेव्हा त्या नव्वदीच्या पुढे होत्या. आदर आपण सवडीने करतो.

आता मुलीचं. लोककला आहे, मान्य. पण तिने त्यातलं काय उचललंय? तुम्ही बार्शीचे, मोडनिंब तुम्हाला लांब नाही. संगीतबारीत, म्हणजे लावणीच्या बैठका करणाऱ्या बायकांच्या फडात, बैठकीची लावणी कशी होते ते ठाऊक असलेलं कुणीतरी तुमच्या ओळखीत नक्की निघेल. बाई बसलेली असते. पाय जवळपास हलतच नाहीत. एकच ओळ घेते आणि पुन्हा पुन्हा म्हणते. पहिल्यांदा म्हणते ती तक्रार, दुसऱ्यांदा तीच ओळ लाडिक, तिसऱ्यांदा भुवई अशी चढते की ओळीचा अर्थच उलटा व्हावा. ढोलकीवाला आणि पेटीवाला तिच्या भुवईकडे बघत थांबलेले असतात. बाई परवानगी देईल तेव्हा सम येते. सगळा खेळ त्या थांबण्यात आहे, आणि तिथे हुकूम बाईचा चालतो.

रीलमध्ये थांबायला जागाच नाही. तीस सेकंदांत काय बसणार? ढोलकीचा चढता तुकडा, एक गिरकी, एक मुरका. त्यात मोबाइलची उभी चौकट. बाई जवळ घेतली की पाय कापले जातात, म्हणजे चाळ वाजतात पण दिसत नाहीत. पाय घेतले की चेहरा नखाएवढा, म्हणजे अदा गेली. म्हणून सगळ्या जणी कमरेपासून वर, वेगाने आणि तोंडभर हसत नाचतात. यात अश्लील काही नाही. एकसारखं आहे, ही माझी तक्रार. लावणीत शब्द ऐकू आले पाहिजेत. ती तर शब्दांवर आवाज चढलेली ढोलकी लावते, तुम्हीच ऐकून बघा.

तिला ओरडू नका. एक अख्खी लावणी बसून म्हणायला सांगा, घरातच, कॅमेरा ठेवून द्या समोर आणि मधे कापू नका. वाटल्यास त्यातले तीस सेकंद मग तिने टाकावेत. आणि नातेवाइकांना तेव्हा घरी बोलावू नका.

प्रश्न : मित्राचं नाटक पाहिलं. पडलं साफ. प्रयोगानंतर मेकअप रूममध्ये जायलाच लागतं. खोटं बोलवत नाही आणि खरं बोललो तर मैत्री जाते. काय करायचं?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : मेकअप रूममध्ये खरं बोलायला कुणी जात नाही, ऐकायच्या मनःस्थितीत तिथे कुणी नसतंही. तो माणूस घामाघूम असतो, एक मिशी निघालेली, एक चिकटलेली, मॅनेजर पुढच्या प्रयोगाची तारीख सांगत उभा. तुम्ही हात मिळवा, पाणी द्या आणि निघा. ‘छान’ म्हणू नका, ‘दमलास’ म्हणा. ते खरंच असतं.

दोन दिवसांनी फोन करा आणि निकाल न सांगता एकच प्रवेश विचारा. उदाहरणार्थ, ‘दुसऱ्या अंकात तू खिडकीकडे जाऊन बोलतोस, तेव्हा माझ्या रांगेतल्या कुणालाच वाक्य ऐकू आलं नाही. ते मुद्दाम आहे का?’ मुद्दाम असेल तर तो तासभर बोलेल आणि तुम्हाला नाटक कदाचित वेगळं दिसेल. मुद्दाम नसेल तर तो आधी ध्वनीवाल्याला शिव्या घालेल. घालू दे. आम्हाला सवय आहे.